लगेच घाबरणाऱ्या लहान मुलांना हॅलोविनची चित्रपुस्तकं कशी वाचून दाखवता?

पाटीपेन्सिल

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक नुकतीच चार वर्षांची झाली. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, पण सप्टेंबर संपायच्या आतच आमच्या गल्लीत घरोघरी अंगणात सांगाडे उभे राहिले. कुठे हवा भरलेली भुतं, कुठे झुडपांवर पांढरी जाळी आणि त्यात हाताएवढा कोळी. एका घरासमोरून जायला ती तयारच नसते, म्हणून आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो.

घराबाहेरचं मी सांभाळून घेते. प्रश्न पुस्तकांचा आहे. प्रीस्कूलमध्ये ऑक्टोबरभर गोष्टीच्या वेळेला हॅलोविनचीच पुस्तकं असतात. त्यातल्या एका चेटकिणीचा तिने धसका घेतलाय. पुस्तक कोणतं ते तिला सांगता येत नाही. ‘हिरवी बाई, लांब नखं, ती हसत होती’ एवढंच सांगते. तेव्हापासून नारिंगी-काळं मुखपृष्ठ दिसलं की पुस्तक पालथं घालते.

गंमत अशी की तिला हॅलोविन हवाय. भोपळे आवडतात, फुलपाखरू होऊन घरोघरी फिरायचंय, खाऊ गोळा करायचाय. फक्त ते चेहरे नकोत. तिला या सगळ्यातून बाजूला काढायची माझी इच्छा नाही. पुस्तकांतूनच हळूहळू ओळख करून देता येईल असं वाटतं. तुम्ही कोणती पुस्तकं वाचलीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी वाचलीत?

दगडफूल

आमच्याकडे ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ने काम केलं. एड एम्बर्लीचं आहे, १९९२ चं. मुखपृष्ठ बघून हातात घ्यावंसं वाटणार नाही, पण घ्याच.

मोगरावेल

एक वर्ष सोडून द्या ना. पुढच्या वर्षी ती पाच वर्षांची असेल. आपल्याला सणांची कमी आहे का? दिवाळीची पुस्तकं वाचा, किल्ला करा, आकाशकंदील करा. जी गोष्ट मुलाला झेपत नाही ती आत्ताच का करायची?

पाटीपेन्सिल

मोगरावेल, दिवाळी तर करतोच, आणि तुमचं म्हणणं पटतंही. पण इथे ऑक्टोबर टाळता येत नाही. किराणा दुकानात शिरलं की पहिल्याच रांगेत मुखवटे. शाळेत पोशाखांची मिरवणूक. शेजारचा सांगाडा तर नोव्हेंबरपर्यंत हलणार नाही. डोळ्यांसमोर येणारच असेल, तर आधी माझ्या मांडीवर बसून, पानावर बघितलेलं बरं, असं मला वाटतं.

दगडफूल, त्या पुस्तकाबद्दल जरा सविस्तर सांगाल का?

ग्रंथपालवी

मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करते. दर ऑक्टोबरमध्ये काउंटरवर हाच प्रश्न येतो, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी ‘बिग ग्रीन मॉन्स्टर’बद्दल. पानांना आकारांची भोकं पाडलेली आहेत. पहिल्यांदा काळ्या पानावर फक्त दोन पिवळे डोळे. पान उलटलं की नाक येतं, मग दात असलेलं लाल तोंड, कान, जांभळे विस्कटलेले केस, आणि शेवटी अख्खा हिरवा चेहरा. पुस्तकाच्या मध्यावर राक्षस पूर्ण होतो. तिथून पुढे मूल एकेका अवयवाला ‘जा’ म्हणतं आणि पान उलटलं की तो खरंच जातो. शेवटचं पान काळं. वर राक्षसाला बजावलेलं असतं की मी म्हणेपर्यंत परत यायचं नाही. म्हणजे त्याला बोलवायचं की नाही हेही मुलाच्याच हातात. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली रचना मी पाहिलेली नाही. फक्त पानं मुलालाच उलटू द्या. आपण उलटली तर सगळं बळच जातं.

माझं ठाम मत सांगते. हळव्या मुलाच्या बाबतीत पुस्तक कोणतं याइतकंच पान कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं असतं. अंगणातला सांगाडा मुलाला बंद करता येत नाही. टीव्हीवरचं चित्र स्वतःच्या वेगाने पुढे सरकतं. पुस्तक मात्र मुलाला थांबवता येतं, मागे नेता येतं, मिटता येतं. म्हणून वाचायला बसण्याआधीच सांगून ठेवायचं, ‘नको वाटलं की तू मिटायचं.’ आणि तिने मिटलं की ‘अगं, पुढे छान आहे’ म्हणून पुन्हा उघडायचं नाही. हा शब्द एकदा मोडला की पुढच्या वेळी ती पुस्तक हातातच घेणार नाही.

शेवटचं पान आधी दाखवायलाही हरकत नाही. मोठ्यांना वाटतं की मजा गेली. घाबरणाऱ्या मुलासाठी मजा तिथूनच सुरू होते, कारण सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर मधली वादळं बघायची हिंमत येते.

आणि हे वाचन दिवसा करा. दुपारी, उजेडात, शेजारी बसून. झोपायच्या वेळेची पुस्तकं वेगळी ठेवा. हॅलोविनचं पुस्तक रात्री बैठकीच्या खोलीतच राहू द्या.

सह्यकडा

माझं मत थोडं वेगळं आहे. आपण आजीच्या कुशीत हडळ, वेताळ, मुंजा सगळं ऐकून मोठे झालो. काही बिघडलं नाही. मुलांना थोडी भीती वाटू द्यावी. इतकं जपलं तर पुढे कसं होणार?

पाटीपेन्सिल

सह्यकडा, भीती वाटूच नये असं माझं म्हणणं नाही. तिला भीतीतून बाहेर यायची वाट सापडावी, एवढंच.

आजीची_गोधडी

सह्यकडा, आजीच्याच बाजूने बोलते, कारण आता मी स्वतः आजी आहे, पुण्याहून वर्षातून एकदा नातवाकडे टोरांटोला जाते.

आपण ऐकलेल्या गोष्टींना चित्र नव्हतं. हडळ आपण आपल्या मनात रंगवायचो, तीही झेपेल तेवढीच. सांगणारी आपल्या चेहऱ्याकडे बघत असे. डोळे विस्फारले की हडळ लगेच पिंपळावरून उतरून निघून जायची, आणि अगदीच रडू आलं तर आजी हसून पदराखाली घ्यायची. चित्रपुस्तकात चेहरा छापलेला असतो. त्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. म्हणून आजीचं ते काम वाचणाऱ्याला करावं लागतं.

चांदोबातल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीवर राजाच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत असायचं, ते आठवतंय ना? आमच्या घरात त्या चित्रावर हात ठेवून गोष्ट वाचणारी मुलं होती. गोष्ट हवी असायची, चित्र नको. ही मुलगी त्यांच्यातलीच आहे.

मी नातवाला आधी आपली भोपळ्यातली म्हातारी सांगितली. वाघ-कोल्हे वाटेत, म्हातारी भोपळ्यात, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक! तिकडच्या दारादारांत ठेवलेले भोपळे बघून तो ‘यात म्हातारी आहे का’ विचारायला लागला. कोरलेल्या भोपळ्याची भीती पळाली ती पळालीच.

ग्रंथपालवी

काकू, किती छान! या गोष्टीची जोडी लावायला एक इंग्रजी पुस्तक आहेच. ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’, लिंडा विल्यम्सचं, १९८६ चं, चित्रं मेगन लॉइड यांची. म्हातारी रानातून घरी येत असते. वाटेत नुसते दोन बूट धपधप करत मागे लागतात. मग पँट, सदरा, हातमोजे, टोपी. प्रत्येकाला ती ठणकावते, वाटेतून बाजूला हो, मी तुला भीत नाही. मग येतं भोपळ्याचं डोकं, आणि तेव्हा मात्र ती घराकडे धूम ठोकते.

मला हे पुस्तक आवडतं ते याच जागेसाठी. न घाबरणारी म्हातारीसुद्धा पळते! घरात जाऊन कडी लावते. मग दारावर टकटक, आणि ती दार उघडते. ते सगळे हिरमुसलेले, ही घाबरत नाही तर आता आमचं काय व्हायचं म्हणून. म्हातारी त्यांना एक युक्ती सुचवते, आणि सकाळी बागेत सगळ्यांचं मिळून बुजगावणं उभं असतं.

वाचताना प्रत्येक कपड्याची हालचाल मुलाला करू द्या. बुटांना पाय आपटायचे, हातमोज्यांना टाळ्या, टोपीला मान हलवायची. आवाज स्वतःच्या अंगातून निघाला की त्याची धास्ती कमी होते. भोपळ्याच्या ‘बू’वर मात्र तुम्ही ओरडू नका. हळू म्हणा, किंवा तिलाच म्हणू द्या.

टेम्सकाठची

इंग्लंडमधून. इकडे घरोघरी ‘रूम ऑन द ब्रूम’ असतं. जूलिया डोनाल्डसन, चित्रं ॲक्सेल शेफलर, २००१. पाटीपेन्सिल, तुमच्या लेकीला हिरव्या चेटकिणीचा धसका बसलाय ना, म्हणून खास सुचवते. ही चेटकीण भली बाई आहे. हॅट उडते, वेणीची रिबन पडते, कांडी तळ्यात जाते. प्रत्येक वेळी कोणीतरी प्राणी वस्तू शोधून आणतो आणि विचारतो, झाडूवर मला जागा आहे का? ती प्रत्येकाला हो म्हणते. नाकावर चामखीळ आहे, टोकदार टोपी आहे, पण चेहरा असा की मुलं तिच्याजवळ जातात.

आता जपायची जागा. झाडू मोडतो आणि चेटकीण ड्रॅगनच्या तावडीत सापडते. तेवढ्यात चिखलातून चार डोक्यांचं, पिसांचं, केसांचं, बरबटलेलं काहीतरी वर येतं. आमच्या धाकट्याला ड्रॅगनपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची. खरं तर ते चिखलात माखून एकावर एक चढलेले मांजर, कुत्रा, पक्षी आणि बेडूक असतात. मी तिथे थांबून बोट ठेवायला लावलं. ही मिशी कोणाची? हा पंख कोणाचा? एकेक मित्र सापडत गेला आणि राक्षस उरलाच नाही. शेवटच्या नव्या झाडूवर तर बेडकासाठी शॉवर आहे आणि पक्ष्यासाठी घरटं. त्या पानावर आम्ही फार वेळ घालवायचो.

याच गोष्टीची बीबीसीने २०१२ मध्ये दाखवलेली ॲनिमेशन फिल्म आहे. सुंदर आहे, पण आधी पुस्तक. फिल्ममधला ड्रॅगन मुलाच्या सोयीने थांबत नाही.

दगडफूल

ही बोटं ठेवायची युक्ती फार आवडली. आमच्याकडे राक्षस आधीच तुकड्यातुकड्यांत होता, म्हणून बहुतेक सोपं गेलं.

मांडवीतीर

पणजीहून लिहितोय. हॅलोविनशी माझा संबंध नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीला येतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे असतात. लाल डोळे, सुळे, हातात तलवार, कानठळ्या बसवणारं संगीत. पहाटे त्यांचं दहन होतं. मोठी मुलं रात्रभर हिंडतात आणि तीन-चार वर्षांची मुलं आईच्या मानेत तोंड खुपसून रडतात.

माझ्या पुतण्याला आम्ही रात्री न नेता आधीचे काही दिवस रोज संध्याकाळी पुतळा बनतो तिथे नेत होतो. आधी नुसता सांगाडा होता, बांबू-लाकडाचा. मग पेंढा. मग कागद. त्याने स्वतः खळ लावून कागद चिकटवला. मुखवटा जमिनीवर उताणा पडलेला असताना त्याच्या आत डोकावून बघितलं, आत पुठ्ठा आणि दोरी. त्यानंतर पुतळा उभा राहिल्यावर तो लोकांना सांगत होता की त्याच्या पोटात पेंढा आहे.

वरती त्या भोकांच्या पुस्तकाबद्दल वाचलं तेव्हा हेच आठवलं. बनताना बघितलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते. दहन मात्र त्याने त्या वर्षी बघितलं नाही. घरी अंगणात पायाखाली कारीट चिरडलं, फोव (पोहे) खाल्ले, तेवढी दिवाळी त्याला पुरली.

ग्रंथपालवी

मांडवीतीर, मुखवट्याचं तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. यावर जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. रीटा डीव्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं शांत स्वभावाचं मांजर होतं. मुलांना आधी त्याच्याशी खेळू दिलं. मग त्याला कुत्र्याचा हुबेहूब मुखवटा चढवला. चढवताना मांजराची मागची बाजू मुलांच्या नजरेसमोरच होती. तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं की आता हा कुत्राच झाला. सहा वर्षांच्या मुलांना मात्र पक्कं ठाऊक होतं की आत मांजरच आहे.

म्हणून चार वर्षांच्या मुलीला ‘अगं, तो नुसता मुखवटा आहे’ म्हटलं तरी तिला धीर येत नाही. तिचं हे समजणं अजून पिकायचंय. तो हट्टही नाही आणि भित्रेपणाही नाही. मुखवटा आधी हातात द्यायचा, मग बाबांनी तिच्यासमोर हळूहळू लावायचा, अर्धा लावून थांबायचं, काढायचा, पुन्हा लावायचा. पुस्तकातही असंच. राक्षसाचं पान उलटताना आधी कोपरा उचलून डोकावू द्या.

सह्यकडा

हा प्रयोग माहीत नव्हता. आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना माझ्या मित्राने गणपतीच्या नाटकात दाढी लावली म्हणून त्याच्याकडे जाईना, आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो. आजीबद्दल आजीची_गोधडी यांनी जे लिहिलंय तेही पटलं. चेहरा बघून गोष्ट वळवायची. पुस्तक वाचताना शब्द बदलले तर चालतात का?

ग्रंथपालवी

खुशाल बदला, गाळा, मराठीत सांगा. मी तर म्हणेन की पहिल्यांदा छापलेलं वाचूच नका. चित्रं बघत मराठीत गप्पा मारा. घरच्या भाषेत चेटकीण जरा जवळची होते.

आवाजाचंही लक्षात ठेवा. पुष्कळदा मूल चित्राला घाबरतच नाही. आपण खर्जात आवाज लावून ‘आणि मग...’ म्हणत पान उलटतो, त्या थांबण्याला ते घाबरतं. दचकवणं मोठ्या मुलांना आवडतं, यांना नाही.

झुळूक_ऑस्टिन

दोन पुस्तकं माझ्याकडून. ‘घोस्ट्स इन द हाउस!’, काझुनो कोहारा, २००८. अख्खं पुस्तक नारिंगी, काळं आणि पांढरं. एका मुलीच्या नव्या घरात भुतं असतात. ती मुलगी स्वतःच चेटकीण आहे. भुतं पकडते, वॉशिंग मशीनमध्ये धुते, वाळत घालते आणि त्यांचे पडदे, टेबलक्लॉथ करते. भुतं धुताना हसत असतात! आमच्याकडे त्यानंतर चादर धुवायला टाकली की लेक विचारायची, हे भूत कोणतं?

दुसरं ‘पम्पकिन जॅक’, विल हबेल, २०००. यात भूतबीत काही नाही. एक मुलगा भोपळा कोरतो, हॅलोविन संपतो, भोपळा बागेत ठेवतो. तो मऊ पडतो, बुरशी येते, बर्फाखाली जातो, आणि वसंतात त्यातून रोप उगवतं. ज्यांना हॅलोविनमधला भोपळाच आवडतो त्यांच्यासाठी अगदी योग्य. कुजतानाचा चेहरा जरा विचित्र दिसतो, तेवढी पानं आधी बघून ठेवा.

मोगरावेल

‘पम्पकिन जॅक’ मी पण आणणार. असं असेल तर माझा विरोध नाही. माझ्या डोक्यात सांगाडे आणि रक्तच होतं.

ग्रंथपालवी

तशीही असतात, म्हणून एक सावधगिरी सांगते. शेल्फवर हॅलोविनचा एकच स्टिकर सगळ्या वयांच्या पुस्तकांना असतो. ‘इन अ डार्क, डार्क रूम’, ॲल्विन श्वार्त्झचं, नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांच्या मालिकेत आहे. आकार छोटा, अक्षरं मोठी, त्यामुळे पालक चार वर्षांच्या मुलासाठी उचलतात. त्यात मानेला हिरवी फीत बांधणाऱ्या मुलीची गोष्ट आहे, आणि ती फीत सोडल्यावर जे होतं ते मोठ्यांच्याही लक्षात राहतं. सात-आठ वर्षांच्या काही मुलांना ते फार आवडतं. तुमच्या लेकीला आत्ता नको. ‘क्रीपी कॅरट्स!’ही थांबू द्या. २०१२ चं आहे, चित्रपुस्तकांसाठीचा कॅल्डेकॉट सन्मान मिळालेलं, चित्रं अप्रतिम. पण त्यातली गाजरं सशाच्या मागे घरात येतात, न्हाणीघरात दिसतात, रात्री खोलीत दिसतात. लगेच घाबरणाऱ्या मुलीला नेमकं तेच नको.

आणखी एक. भीती आठवडे उलटूनही कमी होत नसेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर पुस्तकं बाजूला ठेवून मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथालयातून ‘बिग ग्रीन मॉन्स्टर’ आणि म्हातारीचं पुस्तक मिळालं. काल दुपारी गच्चीत बसून राक्षसाचं काढलं. पहिल्या वेळी तिने पिवळ्या डोळ्यांवरच मिटलं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने स्वतःच घेऊन आली आणि मागून वाचायला सुरुवात केली, म्हणजे काळ्या पानापासून! त्यामुळे राक्षस ‘जा’ म्हटल्यावर येत गेला आणि तिला ते फार विनोदी वाटलं. मग सुलट वाचलं. दात आले तेव्हा माझा हात धरला होता, पण पान तिनेच उलटलं. संध्याकाळी बाबांना पुस्तक दाखवताना तिने त्यांनाच ‘घाबरायचं नाही’ अशी ताकीद दिली.

‘रूम ऑन द ब्रूम’ला मोठी रांग आहे, नोव्हेंबरशिवाय मिळणार नाही.

ग्रंथपालवी, शाळेतल्या गोष्टीच्या वेळेचं काय करू? तिथे पान तिच्या हातात नसणार.

ग्रंथपालवी

मागून वाचलं, हे तर उत्तमच! तिला तसंच वाचू दे.

शाळेत शिक्षिकेला या महिन्याची पुस्तकांची यादी मागा. बहुतेक जणी आनंदाने देतात. यादी मिळाली की ती पुस्तकं आधी घरी, दिवसाउजेडी बघून टाका. एखादं अगदीच नको वाटलं तर तेवढा वेळ तिला दुसऱ्या कोपऱ्यात चित्र काढू द्याल का, असं सरळ विचारा. आणि तिला वर्तुळात मागे, शिक्षिकेच्या मदतनिसाजवळ बसू द्यायला सांगा. पुढच्या ओळीत चित्र फार मोठं दिसतं.

नोव्हेंबरमध्ये आलं तरी ‘रूम ऑन द ब्रूम’चं होल्ड, म्हणजे रांगेतला नंबर, काढू नका. ३१ ऑक्टोबर उलटल्यावर, अंगणं रिकामी झाल्यावर, ही मुलं तीच पुस्तकं जास्त निवांत वाचतात. आमच्याकडे पुढच्या वर्षीसाठी लोक जुलैपासून होल्ड लावतात, तुम्हीही लावून ठेवा.

टेम्सकाठची

माझ्याकडे ‘रूम ऑन द ब्रूम’ची जाड पुठ्ठ्याची जास्तीची प्रत आहे. डिसेंबरात माझी बहीण न्यू जर्सीला येणार आहे. विपू (विचारपुशीत निरोप) करा, तिच्यासोबत पाठवते.